ब्रिटिश स्पीडवे : नियम संघमालकांनीच ठरवावेत काय?

पांझराकाठ, धुळे

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या खानदेशी मंडळींच्या या मंचावर क्रिकेट आणि कुस्ती सोडून इतर खेळांची चर्चा क्वचितच होते, परंतु धुळे-जळगावकडचे काही जण स्पीडवे नियमाने पाहतात हे मला ठाऊक असल्यामुळे हा धागा काढण्याचे धाडस करतो. ब्रिटनमधील सामना तेथे सायंकाळी साडेसातला सुरू झाला, की उन्हाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. सकाळी दुकान उघडायचे असेल, तर हा शौक फार दिवस परवडत नाही.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंडाकृती मातीच्या ट्रॅकवर चार रायडर चार फेऱ्या मारतात आणि साधारण मिनिटभरात ही शर्यत, म्हणजे एक ‘हीट’, संपते. मोटारसायकल पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी असते. गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर मागचे चाक बाहेर फेकून, डाव्या बुटाखालची पोलादी पट्टी मातीवर टेकवत गाडी सांभाळावी लागते. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 गुण आणि चौथ्याला काही नाही. ब्रिटिश लीगचा सामना दोन संघांत 15 हीटचा होतो आणि प्रत्येक संघात सात रायडर असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रिटनमधील लीग ज्या संस्थेकडून चालवल्या जातात, तिचे सभासद म्हणजे संघ चालवणारे प्रमोटरच आहेत. दर हिवाळ्यात हेच लोक एकत्र बसतात आणि पुढच्या मोसमात संघ किती ताकदीचा असावा, दुखापत झालेल्या रायडरच्या जागी कोणाला उतरवता यावे, सामने कोणत्या वारी व्हावेत, हे सगळे ठरवतात. वर स्पीडवे कंट्रोल ब्युरो आहे, त्याच्याही वर ऑटो-सायकल युनियन आणि शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएम. परंतु प्रेक्षकाला जो खेळ दिसतो त्याचे स्वरूप त्या हिवाळी बैठकीतच निश्चित होते, असे माझे निरीक्षण आहे. ज्यांचे पैसे गुंतलेले आहेत त्यांनीच नियम करावेत, ही व्यवस्था योग्य म्हणावी काय? आणि या खेळाची तेथे जी पीछेहाट झाली, तिचे मूळ या व्यवस्थेतच आहे काय?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आमच्या तालुक्यातील काही तरुण मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींसाठी क्लब स्थापन करू पाहत आहेत आणि नियमावलीचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. चार गावांचे चार संघ, प्रत्येकाचा एक पुरस्कर्ता आणि त्या चौघांचेच नियामक मंडळ, असा पहिला आराखडा आहे. तो पुढे नेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

भुसावळकर

पांझराकाठ भाऊ, नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे शेफील्डमध्ये होतो आणि ऑलर्टनच्या मैदानावर गुरुवारी रात्री हजेरी लावत असे. दोन हीटच्या मधल्या वेळात ट्रॅक्टर फिरून बाहेरच्या कडेला उडालेली माती आत ओढून आणतो आणि पाण्याचा टँकर हळूहळू एक चक्कर मारतो. उपाहारगृहासमोरची रांग तेवढ्यात वाढते, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाजवळ नियम कसे असावेत याबद्दल स्वतःचे ठाम मत असते. त्यामुळे आपल्या प्रश्नावर तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे, हे आधी सांगून ठेवतो.

थोडा इतिहास पाहिल्याशिवाय ही व्यवस्था समजणार नाही. हा खेळ ऑस्ट्रेलियातून आला. न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे 1923 मध्ये जॉनी हॉस्किन्स यांनी भरवलेल्या शर्यतींपासून त्याची सुरुवात सांगितली जाते. 19 फेब्रुवारी 1928 रोजी एसेक्समधील हाय बीच येथे झालेल्या शर्यतींना आयोजकांच्या अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली आणि पुढच्याच वर्षी लीगही सुरू झाल्या. म्हणजे ब्रिटनमध्ये हा खेळ प्रथमपासूनच तिकीट लावून दाखवण्याचा धंदा म्हणून वाढला. क्रिकेटप्रमाणे आधी क्लब, मग संघटना आणि सगळ्यांत शेवटी पैसा, असा क्रम येथे कधी नव्हताच. प्रमोटर हा या खेळाचा जन्मदाता आहे, बाहेरून घुसलेला व्यापारी नव्हे. एवढे लक्षात घेतले म्हणजे नियम त्याच्या हाती का राहिले, याचे आश्चर्य वाटत नाही.

नियामक मंडळ आणि प्रमोटर यांचा सर्वांत मोठा संघर्ष 1964 मध्ये झाला. त्या वेळी वरची नॅशनल लीग सात संघांवर आली होती : बेल व्ह्यू, कॉव्हेंट्री, नॉर्विच, ऑक्सफर्ड, स्विंडन, वेस्ट हॅम आणि विम्बल्डन. 1960 पासून सुरू झालेली प्रोव्हिन्शियल लीग मात्र कमी खर्चात जोमाने चालली होती. तिच्यातील वुल्व्हरहॅम्प्टनने वरच्या लीगमध्ये यावे, असा कंट्रोल बोर्डाचा, म्हणजे आजच्या ब्युरोच्या पूर्वरूपाचा, आग्रह होता. तो मानला गेला नाही, आणि ती संपूर्ण लीग एक मोसम मंडळाच्या मान्यतेविना, शिस्तभंगाच्या कारवाया अंगावर घेत चालली. अखेर लॉर्ड शॉक्रॉस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि 1965 मध्ये दोन्ही लीग एकत्र करून 18 संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. प्रमोटरांची संघटनाही त्याच सुमारास आकाराला आली. आज तीच वेगळ्या नावाने लीग चालवते.

यातून मी जो निष्कर्ष काढतो तो कदाचित आपल्याला आवडणार नाही. मालकांना डावलून वरून लादलेला नियम टिकत नाही, कारण तोटा मंडळाला होत नसतो. पावसाने सामना धुऊन गेला, तरी डॉक्टर, रुग्णवाहिका, ट्रॅकवरचे कामगार आणि बाहेरून बोलावलेले रायडर यांचा खर्च प्रमोटरच्याच माथी बसतो. तेव्हा मालक बैठकीत असणे हा दोष नाही. दोष आहे तो बैठकीत दुसरे कोणीच नसण्याचा. आपल्या बाजार समितीत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी संचालक मंडळावर बसतात, पण त्यांच्या शेजारी शेतकरी असतो, हमाल-मापाडी असतो, आणि डोक्यावर उपनिबंधक असतो. एवढे असूनही तेथे काय काय चालते ते आपण जाणतोच. मग नुसत्या व्यापाऱ्यांचीच समिती असती तर काय झाले असते याची कल्पना करा.

कंट्रोल ब्युरोचे काम खरे तर महत्त्वाचे आहे. परवाने, ट्रॅकची तपासणी, पंचांच्या नेमणुका आणि शिस्तभंगाची प्रकरणे त्याच्याकडे असतात. संपूर्ण सामन्याला एकच पंच असतो, आणि त्याने दोन मिनिटांची मुदत सुरू केली की वेळेत सुरुवातीच्या रेषेवरील टेपपाशी न पोहोचलेल्या रायडरला बाद करण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा असतो. मैदानावरची शिस्त अशी कडक असताना मैदानाबाहेरचे नियम दर हिवाळ्यात बदलावेत, ही विसंगती मला नेहमी खटकत आली आहे.

चाळीसगावची वाचक

भुसावळकर दादांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी हिशेबाच्या बाजूने लिहिते, कारण माझा व्यवसायच तो आहे. ब्रिटिश स्पीडवेच्या नियमपुस्तकाचा कणा म्हणजे रायडरची सरासरी. त्याने मिळवलेले गुण आणि बोनस गुण यांची बेरीज करायची, तिला चाराने गुणायचे आणि एकूण हीटच्या संख्येने भागायचे. समजा, एखाद्याने 60 हीटमध्ये 105 गुण मिळवले, तर त्याची सरासरी 7 झाली. आपल्याच सहकाऱ्याच्या लगोलग मागे, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे, हीट संपवणाऱ्याला बोनस गुण मिळतो; त्याने संघाची गुणसंख्या वाढत नसली, तरी सरासरी वाढते.

आता मेख अशी, की मोसमाच्या आरंभी सातही रायडरांच्या सरासऱ्यांची बेरीज एका ठरावीक मर्यादेच्या आत बसवावी लागते. ही मर्यादा हिवाळी बैठकीत ठरते आणि अनेक वर्षे ती चाळीसच्या आसपास राहिली आहे. उद्देश उघड आहे : श्रीमंत संघाने सगळे उत्तम रायडर पळवू नयेत आणि सामने चुरशीचे व्हावेत. परिणाम मात्र असा होतो, की ज्या संघाचे रायडर वर्षभर मेहनत करून सुधारले, त्यांच्या सरासऱ्या वाढतात, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि विजेत्या संघाला आपलाच एखादा लाडका रायडर सोडून द्यावा लागतो. यश मिळवल्याची शिक्षा प्रेक्षकाला भोगावी लागते, कारण ज्या पोराच्या नावाने त्याने मफलर विकत घेतला तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच गावाकडून धावतो.

रायडरची स्थिती तर अधिक विचित्र आहे. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या, इंजिने, मेकॅनिक आणि प्रवास हे सगळे त्याच्या खिशातून जाते आणि मोबदला बहुतांशी गुणांवर मिळतो. म्हणजे या वर्षी पोट भरायचे तर जास्त गुण हवेत, आणि पुढच्या वर्षी सहज जागा मिळायची तर सरासरी कमी हवी. कोणी मुद्दाम हळू धावतो असा आरोप मी करत नाही. पण ज्या नियमामुळे प्रामाणिक माणसालाही कमी गुणांत फायदा दिसू लागतो, तो नियम लिहिणाऱ्याने पुन्हा वाचायला हवा, एवढे मी नक्की म्हणेन.

पाहुण्या रायडरची पद्धत याहून वादग्रस्त आहे. आपला रायडर जखमी झाला तर दुसऱ्या संघातील, तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा रायडर एका सामन्यापुरता उसना घेता येतो. त्याशिवाय अनेक जण वरच्या प्रीमियरशिपमध्ये एका संघाकडून आणि खालच्या चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्या संघाकडून धावतात. त्यामुळे सोमवारी ज्याला आपण हुर्यो केले, तोच गुरुवारी आपल्या संघाचे जॅकेट घालून टेपपाशी उभा असतो. यामागची अडचण मला कळते; सात जणांच्या संघातील दोघे जायबंदी झाले तर सामनाच उभा राहणार नाही, आणि रद्द झालेल्या सामन्याचे तिकीट कोणी विकत घेत नाही. तरीही बाहेरच्या माणसाला हा खेळ समजावून सांगताना मी या मुद्द्यावर दरवेळी अडखळते. मधल्या काळात मागे पडलेल्या संघाला एखाद्या हीटमध्ये दुप्पट गुण मिळवू देण्याचाही प्रयोग झाला होता. तो गेला हे बरेच झाले.

यातील प्रत्येक नियमाला त्या त्या हिवाळ्यापुरते कारण होते. दहा वर्षांनी खेळ कसा दिसावा, हा विचार त्या बैठकीत करणारे कोणी नव्हते. पांझराकाठ दादा, आपल्या मसुद्यात काहीही लिहा, पण एक कलम असे टाका, की संघबांधणीचा कोणताही नियम किमान तीन मोसम बदलता येणार नाही. अपवाद फक्त सुरक्षिततेचा.

पांझराकाठ, धुळे

ताई, तीन मोसमांची सूचना मनापासून पटली. एक शंका मात्र आहे. आमच्याकडे चारपैकी एक संघ उसाच्या पट्ट्यातला आणि चांगला सधन आहे, बाकीचे तीन कोरडवाहू गावांचे. सरासरीची मर्यादा घातली नाही तर पहिल्याच वर्षी शर्यती एकतर्फी होतील. आणखी एक : येथील एकही संघ स्वतःच्या जागेवर नाही. आम्ही ज्या पडीक माळावर ट्रॅक आखला आहे, तो एका शेतकऱ्याने तोंडी परवानगीने दिला आहे. याचा नियमावलीशी संबंध नाही असे मी धरून चाललो होतो.

तापीकाठ, शहादा

मंडळी, क्षमा असावी, परंतु आपण सर्व जण दुय्यम प्रश्नावर बोलत आहात असे मला वाटते. ब्रिटिश स्पीडवेची पीछेहाट नियमांमुळे झाली असे मानणे फार सोयीचे आहे, कारण नियम बदलता येतात. खरी जखम जमिनीची आहे.

अलीकडचा काळ पाहा. स्विंडनने 2019 मध्ये प्रीमियरशिप जिंकली आणि त्यानंतर ब्लन्सडनच्या ट्रॅकवर त्या संघाचा एकही मोसम झाला नाही. पीटरबरोने 2021 मध्ये तीच स्पर्धा जिंकली, आणि 2023 संपताना ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवरचे त्यांचे मैदान गेले. त्याच वर्षअखेरीस वुल्व्हरहॅम्प्टनलाही मॉन्मोर ग्रीन सोडावे लागले, कारण ते मुख्यतः श्वानशर्यतींचे मैदान आहे आणि मालकाने स्पीडवेचा करार पुढे चालवला नाही. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानावर 2016 नंतर शर्यत झालेली नाही. तेथे घरे बांधण्याची परवानगी नगर परिषदेने नाकारली, अपीलही फेटाळले गेले, परंतु तोवर मैदानाची पार दुर्दशा झाली होती. लंडन शहरात एके काळी वेम्बली, वेस्ट हॅम, विम्बल्डन असे संघ होते. 1981 च्या जागतिक अंतिम सामन्याला वेम्बली स्टेडियम नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरले होते. विम्बल्डन 2005 मध्ये थांबल्यापासून राजधानीत एकही संघ नाही. यांपैकी कोणता संघ सरासरीच्या नियमामुळे बुडाला, ते मला दाखवून द्यावे.

भुसावळकरांनी 1964 मधील सात संघांची यादी दिली आहे. 2024 मध्येही प्रीमियरशिपमध्ये सातच संघ होते, आणि त्या जुन्या सातांपैकी त्यांत फक्त बेल व्ह्यू आणि ऑक्सफर्ड दिसतात. ऑक्सफर्डचे मैदान वर्षानुवर्षे बंद राहून 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. बेल व्ह्यूचे हाइड रोडवरचे प्रसिद्ध मैदान 1987 मध्ये गेले. आज ते मँचेस्टरमध्ये जेथे धावतात ते राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम 2016 मध्ये महापालिकेच्या पुढाकाराने उभे राहिले. (उद्घाटनाच्या रात्री ट्रॅक धावण्याजोगा नाही म्हणून मुख्य सामनाच रद्द करावा लागला, ही नामुष्की वेगळी.) ग्लासगोच्या मालकांनी ॲशफिल्डचे मैदानच विकत घेतले आणि त्यात पैसा ओतला. पोलंडच्या लीगमध्ये आज सर्वांत जास्त पैसा आणि गर्दी आहे, त्यामागे दूरचित्रवाणीचे करार आहेतच, पण अनेक मैदाने शहरांच्या मालकीची आहेत हेही कारण आहे. तोरून शहरातील मोटोअरेना 2009 मध्ये खास याच खेळासाठी बांधले गेले.

भाड्याच्या जागेवरचा प्रमोटर दहा वर्षांचा विचार करू शकत नाही. तो पुढच्या हिवाळ्यापुरतेच नियम करतो, कारण त्याचा करारच तेवढ्या मुदतीचा असतो. ताईंनी ज्या दोषावर बोट ठेवले तो खरा आहे, पण त्याचे मूळ प्रमोटरच्या स्वभावात शोधू नका; त्याच्या भाडेपट्ट्यात शोधा.

पांझराकाठ भाऊ, म्हणूनच आपली तोंडी परवानगी वाचून मला धडकी भरली. त्या शेतकऱ्याच्या मुलांनी उद्या तो माळ प्लॉट पाडून विकायला काढला, तर आपली नियमावली कपाटात राहील. अकरा महिन्यांच्या करारावर भागवू नका. निदान दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करा आणि त्यात सर्व वारसांच्या सह्या घ्या. जाता जाता : ट्रॅक काळ्या मातीवर आखला असेल तर पहिल्या पावसानंतर काय होईल ते आपणास सांगायला नको. मुरमाचा थर द्या, आणि उन्हाळ्यात पाणी कोठून आणणार हे आधी ठरवा. ब्रिटनमध्ये दगडाचा बारीक चुरा वापरतात, पण त्यालाही पाणी लागतेच, आणि तेथे आपल्यासारखे पंचेचाळीस अंश नसतात.

भुसावळकर

तापीकाठ यांचा मुद्दा निम्मा मान्य. जागा गेली की संघ जातो, यात वाद नाही. परंतु पूल (Poole) या इंग्लंडमधील गावाचा संघ पाहा : मैदान शाबूत होते, प्रेक्षक होते, तरीही 2019 नंतर त्यांनी स्वतःहून वरची लीग सोडली आणि खालच्या लीगमध्ये धावणे पसंत केले. वरच्या लीगचे गणित खर्चाला परवडत नाही असे जेव्हा एखादा भक्कम संघ ठरवतो, तेव्हा तो दोष जमिनीचा नसतो. लीगची रचना करणाऱ्यांचा असतो.

भवितव्याबद्दल मी तितका निराश नाही. ब्रिटनने 2021 आणि 2024 अशा दोन्ही वेळा मँचेस्टरमध्ये स्पीडवे ऑफ नेशन्स ही राष्ट्रीय संघांची जागतिक स्पर्धा जिंकली. रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली हे आज जगातल्या उत्तम रायडरांत गणले जातात, आणि त्यांच्याआधी टाय वॉफिंडनने 2013, 2015 आणि 2018 मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. लीग आक्रसत असताना असे रायडर निघतात, याचा अर्थ खालची नॅशनल डेव्हलपमेंट लीग आणि प्रत्येक प्रीमियरशिप संघात तरुणासाठी जागा राखणारा रायझिंग स्टार नियम यांत काहीतरी बरोबर चालले आहे. हे नियमही प्रमोटरांनीच केले, हे न्यायाने म्हटले पाहिजे. अडचण अशी, की तयार झालेला रायडर पोट भरायला पोलंड आणि स्वीडनला जातो आणि ब्रिटिश लीगला त्याच्या मोकळ्या रात्री शोधाव्या लागतात. सोमवार आणि गुरुवार हे वार ठरवण्यामागे तेच गणित होते.

आपल्या मंडळाबद्दल माझी सूचना अशी : सात जागा ठेवा. चार पुरस्कर्त्यांच्या, एक रायडरांनी निवडलेल्या प्रतिनिधीची, एक डॉक्टरांची, आणि एक अशा माणसाची ज्याचा कोणत्याही संघात पैसा नाही. शिस्तभंग आणि सुरक्षितता या दोन विषयांवर पुरस्कर्त्यांना मत नसावे. पंचाचे मानधन मंडळाच्या खात्यातून जावे, यजमान गावाच्या खिशातून नव्हे. आणि पहिली शर्यत भरवण्यापूर्वी एफएमएससीआयकडे, म्हणजे भारतातील मोटर-क्रीडा महासंघाकडे, परवान्यासाठी लिहा, म्हणजे अपघात झाल्यास विमा कोणाचा, हा प्रश्न पोलीस ठाण्यात बसून सोडवावा लागणार नाही.

चाळीसगावची वाचक

सधन संघाच्या शंकेचे उत्तर राहून गेले. सरासरीची मर्यादा घालायचीच असेल तर स्वतःच्या गावात तयार झालेल्या रायडरला त्यातून निम्मी सूट द्या. म्हणजे पैसेवाल्या संघाला बाहेरचा रायडर महाग पडेल आणि गरीब गावाने घडवलेला पोरगा त्याच गावाला परवडत राहील. ब्रिटनमध्येही स्थानिक रायडरांना सरासरीत सवलत देण्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र ‘गावातला’ म्हणजे कोण, याची व्याख्या आधीच लिहून ठेवा. शिधापत्रिकेवरचा पत्ता पुरेसा धरलात तर मोसम सुरू होण्याआधी बरेच पत्ते बदललेले दिसतील.

पांझराकाठ, धुळे

सर्वांचे आभार. सात जणांचे मंडळ, तीन मोसमांचे बंधन आणि गावच्या रायडरला सूट ही कलमे घेऊन मसुदा नव्याने लिहितो. भाडेपट्ट्याचे शेतकरीदादांशी बोलणे येत्या रविवारी आहे. त्यांचे दोन भाऊ सुरतला असतात, त्यांच्या सह्यांसाठी कुलमुखत्यारपत्र चालेल की त्यांना दुय्यम निबंधकाकडे प्रत्यक्ष यावे लागेल, हे तापीकाठ यांनी कळवावे.